गाइडसोबतची पायी फूड टूर: नक्की काय अपेक्षा ठेवायची?

सांजवात

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा आणि सासू-सासरे, एका नवीन शहरात जातोय आणि नवऱ्याने तिथली एक फूड टूर शोधून ठेवलीये. गाइड बरोबर असतो, जुन्या भागातून चालत फिरवतात, मध्ये मध्ये थांबून खायला घालतात असं एकंदर स्वरूप दिसतंय. मला कल्पना खूप आवडलीये पण आमच्यापैकी कुणीच असं काही केलेलं नाही. वेबसाइटवर सगळं छान छानच लिहिलेलं असतं त्यामुळे प्रत्यक्षात काय होतं ते कळत नाही.

प्रश्न असे: किती चालावं लागतं? पोट भरतं का नुसती चव मिळते? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, सासऱ्यांना शुगर आहे आणि एका कानाने कमी ऐकू येतं, त्यांना जमेल का? आणि जे पैसे घेतात त्यात तिथल्या चांगल्या हॉटेलात दोन वेळा जेवण होईल, मग हे एवढे कशाचे?

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर सगळे तिथली दुकानंच सुचवत बसतील. मला हा प्रकार कसा चालतो तेच आधी नीट समजून घ्यायचंय.

रानवारा

चांगला धागा. माझाही हाच प्रश्न आहे, वाचतेय.

पायवाट

ताई, मी बऱ्याच ठिकाणी अशा टूर केल्यात, सगळीकडे साचा साधारण तोच असतो. ३ ते ४ तास, अंतर २-३ किलोमीटर, आणि ५ ते ८ थांबे. ग्रुप ८ ते १२ जणांचा असेल तर उत्तम. त्याच्या वर गेला की शेवटच्या माणसापर्यंत गाइडचं बोलणंही पोचत नाही आणि गरम पदार्थही गरम असताना पोचत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. वेबसाइटवर ३ किमी वाचून वाटतं की हे तर आपण रोज चालतो. पण दमवतं ते चालणं नाही, उभं राहणं. एका दुकानासमोर दहा-पंधरा मिनिटं उभं राहून ऐका, खा, मग पुढच्या वळणावर परत उभे. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्यांना सलग चालणं एकवेळ जमतं पण असं थांबत थांबत उभं राहणं फार त्रासाचं होतं. म्हणून त्यांना विचारताना "किती किमी" एवढंच नका विचारू, "बसायला किती ठिकाणी मिळतं आणि पहिल्यांदा कधी मिळतं" असं विचारा. शिवाय जुन्या भागात दगडी फरसबंदी, चढउतार, उंच पायऱ्या असतात, ते त्यांच्या रोजच्या सवयीचं असल्यामुळे वेबसाइटवर लिहायचं त्यांना सुचतच नाही.

पोट भरतं. प्रत्येक ठिकाणी थोडंसंच येतं पण सगळं मिळून एक पूर्ण जेवण होतं, कधी कधी जास्तच. दुपारची टूर असेल तर रात्रीच्या जेवणाचं बुकिंग अजिबात करून ठेवू नका. आणि "भरपूर खायचंय" म्हणून सकाळपासून उपाशीही राहू नका, रिकाम्या पोटी पहिल्याच थांब्यावर तळलेलं किंवा तिखट गेलं की पुढचे दोन तास जड जातात. तीन-चार तास आधी हलकं काहीतरी खाऊन जा.

अजून एक, जमलं तर टूर मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. लोक शेवटच्या दिवशी ठेवतात, मग एखादी जागा प्रचंड आवडते आणि परत जायला दिवसच उरत नाही.

कट्टेकरी

माझं मत वेगळं आहे आणि ते मी मनापासून मांडतोय, कुणी रागावू नका. आज फोनवर नकाशा आहे, लोकांचे रिव्ह्यू आहेत, त्या त्या शहराचे शेकडो व्हिडिओ आहेत. चार दुकानं निवडायची, आपल्या वेळेने जायचं, आवडलं तर तिथेच दोन प्लेट खायच्या. टूरमध्ये गाइडच्या घड्याळाप्रमाणे चालावं लागतं, एखाद्या ठिकाणी रमावंसं वाटलं तरी "चला पुढे" असतंच. एवढ्या पैशात चौघं जण दोन दिवस आपले आपण खातील. मला आपलं आपण शोधण्यातला आनंद मोठा वाटतो.

गल्लीबोळ

कट्टेकरीदादा, तुमचं म्हणणं चुकीचं नाही, ज्याला शोधाशोध आवडते त्याने तसंच फिरावं. पण मी हे काम करतो, त्यामुळे पैसे कशाचे याचं उत्तर देऊ शकतो. शहर आणि कंपनी सांगणार नाही.

आधी पैशांचा हिशोब. तुम्ही मोठ्या बुकिंग साइटवरून टूर घेतली तर भरलेल्या रकमेतले साधारण २० ते ३० टक्के त्या साइटचे कमिशन म्हणून जातात. उरलेल्यातून खाण्याचे पैसे, गाइडचा मेहनताना, परवाना, विमा, आणि ऐनवेळी न आलेल्या लोकांचा खर्च. म्हणून कंपनीची स्वतःची वेबसाइट असेल तर तिथे थेट किंमत बघा, कधी कधी कमी असते, आणि प्रश्नांना उत्तरही माणूस देतो. साइटवरून घेण्याचा फायदा म्हणजे रद्द करण्याचे नियम स्पष्ट असतात, बहुतेक ठिकाणी २४ तास आधीपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतात. वाचून घ्यायचं.

आता खाण्याचं. तुम्ही एकटे दुकानात गेलात तर पूर्ण प्लेट घ्यावी लागते, दोन दुकानांत पोट भरतं. आम्ही दुकानदाराशी आधी ठरवलेलं असतं की १० जणांसाठी इतक्या लहान वाट्या, अमुक वाजता, ताज्या. त्यामुळे सात-आठ ठिकाणचं खाता येतं. हे ठरवायला महिने लागतात. सुरुवातीला दुकानदार तयारच नसतो, त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकाला अडचण होईल अशी त्याला भीती असते आणि ती खरी असते. दर आठवड्याला वेळेवर जायचं, गर्दीच्या तासाला जायचं नाही, पैसे रोख आणि लगेच द्यायचे, असं करत विश्वास बसतो. मग तो स्वतः बाहेर येऊन बोलतो, आत भट्टी दाखवतो. व्हिडिओ बघून गेलेल्या माणसाला ते सहसा मिळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा असतो क्रम. कुठल्या थांब्यानंतर कुठला यावर आम्ही खूप डोकं लावतो. एकाच प्रकारची चव सलग खाल्ली की तिचा कंटाळा येतो, पण वेगळी चव समोर आली की भूक परत जागी होते. आहारावर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, खाल्लेल्या पदार्थाचीच गोडी कमी होते, न खाल्लेल्याची फारशी होत नाही. जेवून उठल्यावर गोडासाठी जागा होते ती म्हणूनच. त्यामुळे तळलेल्यानंतर तळलेलं येत नाही. आंबट, हलकं आधी, मग कुरकुरीत, मग बसून खायचं काहीतरी रसदार, मध्ये एक पेय, शेवटी गोड. तिखट लवकर ठेवत नाही कारण एकदा जीभ भाजली की पुढच्या नाजूक चवी कळत नाहीत. तिखट लागलंच तर पाणी पिऊन उपयोग नसतो, मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, दूध किंवा दही घ्या, त्यातली स्निग्धता आणि केसिन नावाचं प्रथिन ते धुऊन काढतात.

म्हणून एक कळकळीची विनंती, पहिल्या दोन थांब्यांवर पोटभर खाऊ नका. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. आवडलं तर दुकानाचं नाव लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी परत जा, दुकानदाराला त्याचा खूप आनंद होतो.

कट्टेकरी

गल्लीबोळ, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. क्रमाचा मुद्दा मला माहीत नव्हता आणि तो पटला. पण सगळे गाइड तुमच्यासारखे नसणार. बाहेरच्या माणसाने बुक करताना कसं ओळखायचं की हा नीट करणारा आहे?

गल्लीबोळ

रिव्ह्यू वाचताना तारे नका मोजू, मजकूर वाचा. लोकांना पदार्थांच्या गोष्टी आठवतायत का? कुणी काय समजावलं ते लिहिलंय का? नुसतं "मस्त, मजा आली" असेल तर त्यातून काही कळत नाही. एक-दोन ताऱ्यांचे रिव्ह्यू आवर्जून वाचा, तिथे ग्रुप किती मोठा होता, कुणाला काय खायला मिळालं नाही, हे सापडतं.

वर्णनात किती थांबे आणि त्यातले किती ठिकाणी खाणं समाविष्ट आहे हे वेगवेगळं बघा. आठ थांबे लिहिलेले असतात पण त्यातले तीन नुसते "बघायचे" असतात. "चवीचा नमुना" आणि "स्वतः विकत घेता येईल" यात खूप फरक आहे. पेयं धरलीत का, पाणी धरलंय का, तेही बघा.

आणि टूरचा बराच वेळ पॅकबंद वस्तू विकणाऱ्या दुकानांत जात असेल, तर तिथे खरेदीवर कमिशन असण्याची शक्यता असते. एखादं दुकान असायला हरकत नाही, पण तीनपैकी एक तास तिथेच जात असेल तर दुसरी टूर शोधा.

मीठमिरची

सांजवातताई, तुमच्या घरी ॲलर्जी कुणाला नाही असं दिसतंय पण धागा पुढे इतरही वाचतील म्हणून लिहितेय. माझ्या मुलाला शेंगदाणे आणि तिळाची तीव्र ॲलर्जी आहे आणि तरीही आम्ही अशा टूर करतो, पण तयारीने.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, तिथे लोक "ॲलर्जी आहे" एवढंच लिहितात. तेवढ्याने काहीच होत नाही. काय खाल्लं तर काय होतं, किती प्रमाणात होतं, त्याच तेलात तळलेलं चालतं का, हे सगळं स्पष्ट लिहायचं. "आवडत नाही", "पचत नाही" आणि "जीवावर बेतू शकतं" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना नुसतं आवडत नाही ते सुद्धा ॲलर्जी लिहितात, त्यामुळे गाइडला खरी ॲलर्जी ओळखायला कठीण जातं, कृपा करून असं कुणी करू नका.

युरोपियन युनियनच्या नियमात सांगणं बंधनकारक असलेले १४ घटक आहेत, त्यात शेंगदाणे, गहू, दूध, अंडी, सोया हे आपल्याला सुचतातच पण तीळ, मोहरी आणि सेलरीसुद्धा आहेत. कुठेही जात असाल तरी ती यादी एकदा डोळ्याखालून घाला, प्रश्न विचारायला उपयोगी पडते.

रस्त्यावरच्या छोट्या दुकानात एकच कढई, एकच झारा, एकच पोळपाट असतो. दुकानदार खोटं बोलत नाही, तो म्हणतो यात दाणे नाहीत आणि खरंच नसतात, पण त्याच तेलात आधी काय तळलं हे त्याच्या डोक्यात येत नाही. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) अजिबात न चालणाऱ्यांनाही हेच लागू, पीठ हवेत उडत असतं. आम्ही कंपनीला आधी फोन करून विचारतो आणि त्यांनी प्रामाणिकपणे "आमच्या सातपैकी चार थांब्यांवर तुमच्या मुलाला देता येणार नाही" असं सांगितलं तर मला ती कंपनी जास्त विश्वासाची वाटते. सगळं चालेल, काळजी करू नका, असं न विचारता लगेच म्हणणाऱ्यांकडे आम्ही जात नाही.

ॲड्रेनलिनचं इंजेक्शन माझ्याच पर्समध्ये असतं, हॉटेलच्या खोलीत ठेवलेलं काही कामाचं नाही. आणि ते कुठे आहे, कसं द्यायचं हे गाइडला सुरुवातीलाच दाखवते. तीव्र रिॲक्शनला नुसती ॲलर्जीची गोळी पुरत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

औषधपाणी

मीठमिरची यांच्या शेवटच्या परिच्छेदाला डॉक्टर म्हणून पूर्ण अनुमोदन.

सांजवात, सासऱ्यांच्या शुगरबद्दल. ते इन्सुलिन घेतात की गोळ्या, आणि कुठल्या गोळ्या, यावर सगळं अवलंबून आहे, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांना जायच्या आधी विचारा. अडचण अशी की टूरमध्ये एक ठरावीक जेवण नसतं, तीन-चार तास थोडं थोडं पोटात जात राहतं आणि सोबत चालणंही होतं. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना वेळेचा हिशोब चुकला तर शुगर खालीही जाऊ शकते, लोक फक्त वाढण्याची काळजी करतात. मीटर आणि पटकन घेता येईल असं काहीतरी गोड त्यांच्या स्वतःच्या खिशात असू दे. आणि गोड थांब्यावर एक घास चाखून बाजूला ठेवण्यात काहीही गैर नाही, तसं गाइडला आधी सांगितलं की आग्रह होत नाही.

पोट बिघडण्याची भीती बऱ्याच जणांना असते म्हणून थोडं त्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं २००१ पासून आहेत: स्वच्छता, कच्चं आणि शिजवलेलं वेगळं, पूर्ण शिजवणं, योग्य तापमान, आणि सुरक्षित पाणी व कच्चा माल. दुकानासमोर उभे असताना यातलं बरंचसं डोळ्यांनी दिसतं. अन्न आतपर्यंत ७० अंशांपर्यंत शिजायला हवं, वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहायला हवं, आणि शिजलेलं अन्न साध्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. म्हणजे समोर कढईतून निघालेलं, वाफाळतं, ते त्यातल्या त्यात सुरक्षित. सकाळपासून कोमट पडून असलेलं नको, मग ते काचेच्या कपाटात कितीही छान मांडलेलं असो. गर्दीच्या दुकानात माल पटापट संपतो, तेही चांगलं लक्षण. बर्फाबद्दल गैरसमज आहे, गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, पाण्याची खात्री नसेल तर बर्फही नको.

हात साबणाने धुणं सगळ्यात चांगलं. सॅनिटायझर न्यायचा तर निदान ६० टक्के अल्कोहोल असलेला, पण जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, तिथे साबणच. बसायच्या थांब्यावर आधी हात धुऊन या आणि मग खुर्ची धरा.

रानवारा

मला चित्र आता बरंच स्पष्ट होतंय. शाकाहारी लोकांचं काय, कुणी लिहाल का?

उंबरठा

मी लिहिते, मीही पूर्ण शाकाहारी आहे.

"शाकाहारी पर्याय उपलब्ध" या ओळीचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. काही ठिकाणी खरंच विचार करून वेगळा थांबा ठेवलेला असतो, काही ठिकाणी मात्र सगळे त्या दुकानाचा खास पदार्थ खातात आणि तुमच्या हातात कोशिंबीर किंवा साधा ब्रेड येतो. म्हणून विचारताना "शाकाहारी चालतं का" असं विचारायचं नाही, "प्रत्येक थांब्यावर शाकाहारी माणसाला नेमकं काय मिळेल ते लिहून कळवा" असं विचारायचं. चांगली कंपनी एका दिवसात यादी पाठवते. त्या यादीत अर्ध्याहून जास्त ठिकाणी "पर्याय बघू" असेल तर पूर्ण शाकाहारी टूरच शोधा, आता बऱ्याच शहरांत मिळतात.

शिवाय शाकाहारीची व्याख्या स्वतः सांगायची. अंडं चालतं का, मासे चालतात का (अनेक ठिकाणी मासे न खाणारा माणूस त्यांना माहीतच नसतो), हाडांच्या पाण्यात शिजवलेल्या भाज्या चालतात का, प्राण्याच्या चरबीत तळलेलं चालतं का. सूपात भाज्याच दिसतात पण खालचं पाणी मांसाचं असतं. जिलेटिन हाडं आणि कातडीपासून बनतं, ते जेलीत, काही मूसमध्ये असतं. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. सासूबाईंना यातलं काय चालतं ते घरीच बसून त्यांना विचारून घ्या, ऐन रस्त्यात दहा लोकांसमोर हे प्रश्न निघाले की त्यांना अवघडल्यासारखं होईल आणि भिडेपोटी त्या "मला भूक नाही" म्हणून मोकळ्या होतील. आमच्या घरात वडीलधारी माणसं असंच करतात म्हणून सांगतेय.

निवृत्त_नाना

सांजवात, लेकी, तुझ्या सासऱ्यांच्या वयाचाच मी आहे आणि माझाही एक कान गेलेला आहे. न नेण्याचा विचार करू नकोस.

काही कंपन्या कानात घालायचं छोटं यंत्र देतात, गाइडच्या गळ्यात माइक असतो आणि आपल्याला त्याचा आवाज थेट ऐकू येतो. आहे का ते विचार. श्रवणयंत्र असेल तर त्याच्यासोबत ते चालतं का हेही विचार. यंत्र नसेल तर त्यांना चांगल्या कानाच्या बाजूने गाइडच्या शेजारी उभं कर, मागे राहू देऊ नकोस, आणि गाइडला सांग की बोलताना तोंड आमच्याकडे ठेव. चालता चालता सांगितलेलं आम्हाला काहीच कळत नाही, थांबून सांगितलं तर कळतं.

संध्याकाळच्या टूरपेक्षा सकाळची बरी. संध्याकाळी गोंगाट जास्त, उजेड कमी, पायाखालचं दिसत नाही. आणि स्वच्छतागृह कुठल्या थांब्यावर आहे हे पहिल्या पाच मिनिटांतच विचारून घे. या वयात ते माहीत नसलं की माणूस पाणीच पीत नाही आणि मग चक्कर येते. संकोच करायचं काही कारण नाही, गाइडला रोज कुणी ना कुणी विचारतंच.

तवा_गरम

दुकानदाराच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या दुकानात अशा टूर येतात. वडिलांच्या काळापासूनचं दुकान आहे, जागा लहान आहे.

पहिली गोष्ट, आम्हाला लोक आलेले आवडतात. बाहेरगावचा माणूस आपण केलेलं खाऊन डोळे मिटतो तेव्हा दिवसभर तव्यासमोर उभं राहिल्याचं सार्थक होतं, हे मी मनापासून सांगतो. पण काही गोष्टी पाळल्या तर सगळ्यांचं नीट होतं. दुकानाचं दार अडवू नका, रोज येणारा माणूस कामावरून घाईत आलेला असतो, बारा जणांचा घोळका बघून तो परत जातो आणि असा चार वेळा परत गेला की कायमचा जातो. गाइड जिथे उभं राहायला सांगतो तिथे उभे राहा, त्यामागे कारण असतं.

फोटो काढा, पण विचारून. दुकानाचा, पदार्थाचा काढा, काम करणाऱ्या पोरांचा विचारल्याशिवाय नको, बायकांचा तर नकोच नको. गरम तेलाजवळ फोन घेऊन वाकू नका, त्यात भाजायची भीती असते आणि आमचं सगळं लक्ष तुमच्याकडे लागून राहतं.

दिलेलं गरम गरम खा. बरेच जण आधी पाच मिनिटं फोटो काढतात मग खातात आणि म्हणतात मऊ पडलंय. आम्ही ते सेकंदाच्या हिशोबाने काढलेलं असतं. आवडलं नाही तर पूर्ण खायची सक्ती नाही, बाजूला ठेवा, आम्हाला वाईट वाटत नाही. पण तोंडावर "आमच्याकडे हे असं करत नाहीत" असं लांबलचक सांगू नका. त्यापेक्षा विचारा की तुम्ही असं का करता. हा प्रश्न कुणी विचारला तर मी गिऱ्हाईक थांबवून उत्तर देतो. पीठ किती तास ठेवतो, आमच्या आजोबांच्या वेळी चुलीवर काय वेगळं व्हायचं, आता गॅसवर ती चव आणायला काय करावं लागतं, हे सांगायला मला आवडतं आणि ते विचारणारे फार कमी भेटतात.

गाइडमध्ये सुद्धा फरक असतो. काही जण आमच्याशी बोलतच नाहीत, वाट्या घेतात आणि बाहेर जाऊन लोकांना आमच्या दुकानाची भलतीच गोष्ट सांगतात, तीनशे वर्षं जुनं वगैरे. आमचं दुकान तेवढं जुनं नाही आणि मला ते ऐकवत नाही. जो गाइड मला आत हाक मारून म्हणतो की या, तुम्हीच सांगा, त्याच्यासाठी मी सणाच्या गर्दीतसुद्धा वेळ काढतो.

पायवाट

तवा_गरम दादा, हा या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. वाचणाऱ्यांनी पुढच्या टूरला जायच्या आधी हा एकदा परत वाचावा.

कट्टेकरी

खरंय. माझा शेवटचा प्रश्न, त्या "मोफत" टूर असतात त्यांचं काय? आणि टिप द्यायची का?

पायवाट

मोफत म्हणजे बुकिंगला पैसे नाहीत, शेवटी आपल्या मर्जीने द्यायचे, आणि गाइडचं उत्पन्न बहुधा तेवढंच असतं, त्यामुळे काहीच न देता निघून जाणं बरोबर नाही. फूड टूरच्या बाबतीत खाण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात का हे नीट वाचा, बहुतेक ठिकाणी द्यावे लागतात, सगळं मिळून पैसे भरलेल्या टूरच्या जवळपास जाऊ शकतं. टिपची पद्धत देशागणिक बदलते, कुठे देणं अपेक्षित असतं, कुठे अजिबात नसतं. त्या ठिकाणची पद्धत वाचून जा, आणि द्यायची तर सुटे पैसे आधीच जवळ ठेवा.

आणि पावसाचं राहिलं. बहुतेक टूर पावसातही निघतात, फक्त वादळ वगैरे असेल तर रद्द करतात. छत्रीपेक्षा रेनकोट न्या, एका हातात वाटी आणि एका हातात चमचा असतो, छत्री कुठे धरणार?

सांजवात

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नवरा आणि मी काल बसून कंपनीला मेल लिहिलाय, पाठवायच्या आधी इथे टाकतेय, काही राहिलं असेल तर सांगा.

"आम्ही चौघं आहोत, त्यात दोन ज्येष्ठ. एक जण पूर्ण शाकाहारी, अंडी, मासे, मांसाचं पाणी, प्राण्यांची चरबी, जिलेटिन काहीही चालत नाही, चीज चालतं. प्रत्येक थांब्यावर त्यांना काय मिळेल ते कळवाल का? एका ज्येष्ठांना मधुमेह आहे, गोड थांब्यावर त्यांना आग्रह करू नये, आणि एका कानाने कमी ऐकू येतं, ऐकायचं यंत्र देता का? ग्रुप जास्तीत जास्त किती जणांचा असतो? बसायला कुठे कुठे मिळतं आणि पहिल्यांदा किती वेळाने? स्वच्छतागृह कुठे आहे? रस्त्यात पायऱ्या किंवा चढ आहे का? सकाळची वेळ मिळेल का?"

उंबरठा

छान झालाय. चीजपुढे "पण रेनेट प्राण्याचं नको" किंवा "कुठलंही चालतं" यातलं एक लिहा, सासूबाईंना विचारून.

मीठमिरची

शुगरच्या वाक्यात "गोळ्यांच्या वेळेमुळे टूर वेळेवर सुरू होणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे" हे टाका. उशीर होणार असेल तर ते आधी फोन करतील, म्हणून मोबाइल नंबरही द्या.

गल्लीबोळ

मेल उत्तम आहे, असा मेल आला की आम्हाला तयारी करायला खूप सोपं जातं. फक्त एक लक्षात ठेवा. मेल ऑफिसात जातो, त्या दिवशी येणाऱ्या गाइडपर्यंत त्यातलं सगळं पोचतंच असं नाही, बऱ्याचदा त्याच्या यादीत तुमच्या नावापुढे "१ शाकाहारी" एवढंच असतं. त्यामुळे ठरलेल्या जागी दहा मिनिटं आधी पोचा, बाकीचे लोक गोळा व्हायच्या आत गाइडला बाजूला घ्या आणि हाच मेल फोनवर उघडून त्याला वाचायला द्या. मग पहिल्या दुकानदाराला फोन करायला त्याच्या हातात वेळ उरतो.